काटा सोळावर

मिस्त्री लोकांत घाबरट माणूस सहसा सापडत नाही. जॅकवर टेकलेल्या गाडीखाली शीळ घालत शिरणारी जात ती. पावफेरे मात्र घाबरट होते, आणि त्याची त्यांना लाजही वाटत नव्हती. गॅरेजच्या शटरला त्यांनी मधोमध साखळी लावून घेतली होती, कुणी ओढलं तरी ते निम्म्याच्या खाली येऊ नये म्हणून. मागच्या भिंतीतली खिडकी तर तिची फळीच काढून कायमची उघडी करून टाकलेली. थंडीत गिऱ्हाईक कुडकुडायचं, आणि हे म्हणायचे, "कुडकुडणारा माणूस जिवंत असतो."

पावफेरे हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. जुन्या गाड्यांच्या कार्बोरेटरला एक बारीक स्क्रू असतो. तो फिरवला की हवेबरोबर इंजिनात जाणारं पेट्रोल कमी-जास्त होतं. बाकीचे मिस्त्री तो दोन फेरे इकडे, तीन फेरे तिकडे करत बसत. हे सायलेन्सरच्या तोंडाशी उकिडवे बसायचे, दोनदा हुंगायचे, उठून त्या स्क्रूला पाव फेरा द्यायचे आणि हात पुसत म्हणायचे, "बस्स. घेऊन जा." त्यावरून गल्लीने बारसं केलं. बायकोला शेजारणी पावफेरेवहिनी म्हणू लागल्या, तेव्हा तिने आधी नाक मुरडलं, आणि महिन्याभरात ओ द्यायला लागली.

भीती त्यांच्या अंगात आली ती एकोणिसाव्या वर्षी. ज्या उस्तादांकडे ते काम शिकले, त्यांनी थंडी फार म्हणून शटर पूर्ण ओढून घेतलं आणि इंजिन चालू ठेवून काम करत बसले. सकाळी शटर उघडलं ते यांनी. उस्ताद चाकाला पाठ टेकून बसले होते, हातात पाना तसाच. चेहऱ्यावर त्रास म्हणून नाही. यांनी दोनदा हाका मारल्या, खांदा हलवला, आणि मग यांना कळलं.

पेट्रोल पुरतं जळलं नाही की एक वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. खोकला येत नाही, डोळे चुरचुरत नाहीत, माणसाला नुसती झोप येते. पण त्या वायूसोबत कच्च्या पेट्रोलचा उग्र दर्प येतो, आणि तो दर्प ओळखता येतो. पावफेऱ्यांनी उरलेलं आयुष्य तो ओळखण्यात घातलं. त्यांचं नाक असं तयार झालं, की रस्त्यावरून गाडी गेली तर घरात बसून सांगत, "हिचा एक प्लग मेलाय."

घरच्यांना मात्र या नाकाने जीव नकोसा केला. मुलगी शाळेत असताना सहलीची बस यांनी रस्त्यात आडवं उभं राहून थांबवली होती. "मला वास येतोय, पोरं खाली उतरवा." पोरं उतरली, मास्तरांनी सगळं तपासलं, काही निघालं नाही. मुलगी तीन दिवस बोलली नाही. तेव्हापासून घरात एक वाक्य रूढ झालं. कुणी विनाकारण काळजी करायला लागलं, की दुसरं डोळे मिचकावून म्हणायचं, "बाबांना वास आला." पुढे जावईही ते म्हणायला शिकला. पावफेरे हसायचे. भित्र्या माणसाला हसतात, तोवर सगळं ठीक चाललेलं असतं, असा त्यांचा हिशेब होता.

आणि मग दोन वर्षांपूर्वी एक ताप आला आणि त्यांचं नाक गेलं.

गेलं म्हणजे पार गेलं. ते त्यांना कळलं स्वयंपाकघरात. गॅसवर दूध करपून भांडं काळं झालं होतं, आणि हे दोन हातांच्या अंतरावर बसून पेपर वाचत होते. बायको बाहेरून धावत आली. "अहो, झोपलात की काय?" यांनी सांगितलं, डुलकी लागली. त्या दिवशी सांगितलेलं हे पहिलं खोटं. पुढची सोपी गेली. बायको विचारायची, "कसा सुटलाय वास?" हे म्हणायचे, "झकास." गॅरेजमध्ये सायलेन्सरमागे उकिडवं बसणंही चालूच राहिलं, गिऱ्हाईकाला ते बघायची सवय होती. पण हुंगून काही कळायचं नाही. धूर आत गेला काय आणि नुसती हवा गेली काय, सारखंच. रोज रात्री अंथरुणावर पडलं की त्यांना वाटायचं, उद्या सांगावं. सकाळी वाटायचं, ज्याचं नाक गेलं त्या मिस्त्रीकडे कोण येणार? झाकली मूठ सव्वा लाखाची.

म्हणून त्यांनी ते यंत्र आणलं. बोटाएवढा एक सेन्सर, त्याला जोडलेली लांब वायर, आणि दुसऱ्या टोकाला वाटीएवढं गोल गेज. इंजिनातून निघालेला धूर ज्या नळीने मागे जातो, तिला एक भोक पाडायचं, त्यावर आट्यांची चाकी, म्हणजे नट, वेल्ड करायची आणि सेन्सर आत पिळायचा. धुरात किती प्राणवायू उरलाय ते तो मोजतो, आणि त्यावरून काटा सांगतो की इंजिन पेट्रोलच्या एका भागाला हवेचे किती भाग घेतंय. चौदा-सव्वाचौदाच्या आसपास काटा असला, की कार्बोरेटरची गाडी सुखात. काटा सोळाकडे गेला, तर पेट्रोल कमी पडतंय. बाराच्या खाली आला, तर पेट्रोल जास्त होतंय, आणि तोच वायू ढिगाने निघतोय. गल्ली म्हणाली, म्हातारपणी पावफेरे मॉडर्न झाले. पावफेऱ्यांना मात्र बुडत्याला काडी मिळाल्यासारखं झालं होतं. दोन वर्षं त्या काट्याने त्यांची लाज राखली.

त्या आठवड्यात मुलगी, जावई आणि चार वर्षांची नात राहायला आले होते. नातीला सगळे ठकी म्हणत. जावयाची गाडी जुनी, त्याच्या वडिलांनी दिलेली, आणि जीव लावलेली. चढावर ती अडखळत होती. "बाबा, बघता का जरा?" जावई म्हणाला. पावफेऱ्यांना मनातून आनंद झाला. जावयाने गाडी दाखवणं म्हणजे मान असतो.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनी धुराची नळी इंजिनापासून सोडवली, चाकी वेल्ड केली आणि नळी परत बसवली. इंजिन आणि नळी यांच्या सांध्यात एक गॅस्केट असतं, चपटी कडी. ती नवीच घालायची असते. पण दुकान बंद होतं, जुनी कडी दिसायला धड होती, आणि सकाळी गाडी निघायची होती. जुनीच घातली. इथवरही बिघडलं नव्हतं, कारण अशा वेळी काय करायचं ते पावफेऱ्यांना पाठ होतं: इंजिन चालू करायचं, मागे सायलेन्सरच्या तोंडावर जाड फडकं दाबून धरायचं, आणि सांध्याशी कान न्यायचा. सांधा फुटका असेल, तर तिथून फुसफुस ऐकू येते. हे त्यांनी आयुष्यात कधी चुकवलं नव्हतं.

त्या दिवशी चुकवलं, कारण ठकी तिथे होती. ड्रायव्हरच्या सीटवर उभी राहून ती चाक फिरवत होती आणि तोंडाने हॉर्न वाजवत होती. फडकं दाबलं की सांधा फुटका असल्यास धूर गॅरेजमध्येच सुटणार, तोही पोरीच्या नाकासमोर. त्यांनी तिला दोनदा बाहेर जायला सांगितलं. ती म्हणाली, "मी गेले तर गाडी कोण चालवणार?" पावफेऱ्यांना हसू आलं. ती गेली की बघू, असं म्हणून त्यांनी गेजच्या वायरी जोडल्या, आणि पुढच्या कामाच्या नादात ती तपासणी राहिली ती राहिलीच. पोरीला धूर लागू नये म्हणून राहिली.

काटा सोळावर आला. म्हणजे पेट्रोल कमी. त्यांनी कार्बोरेटर उघडला, आतली पेट्रोलची बारीक भोकाची जेट काढली आणि मोठ्या भोकाची घातली. काटा पंधराच्या वर. आणखी मोठी घातली. आता काटा सव्वाचौदावर येऊन शहाण्यासारखा थांबला. एवढं पेट्रोल ही गाडी मागत नाही, असं त्यांच्या मनात आलं खरं. जुने दिवस असते तर मागे जाऊन हुंगलं असतं आणि एका श्वासात निकाल लागला असता. तरी ते उठले, उकिडवे बसले, हुंगलं. काही नाही. काटा सांगतोय ना, ते स्वतःशी म्हणाले. त्यांनी सेन्सर काढून खोक्यात टाकला, भोक बोल्टने बंद केलं आणि जावयाला हाक मारली. "बस्स. घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मंडळी निघाली. हवा गार होती. घाट चढून पलीकडे जायचं, सहा तासांचा रस्ता. मुलीने ठकीला मागच्या सीटवर शालीत गुंडाळून निजवलं. "काचा बंद ठेव गं," आजी म्हणाली, "घाटात वारं बोचतं." पावफेऱ्यांनी जावयाला नेहमीची शपथ घातली, गाडी चालवताना फोन उचलायचा नाही. जावई म्हणाला, "नाही उचलत बाबा." गाडी वळणावर दिसेनाशी झाली.

अकरा वाजून गेल्यावर शेजारचा टॅक्सीवाला त्याची गाडी दाखवायला आला. पावफेऱ्यांनी खोकं उघडलं, सेन्सर हातात घेतला आणि त्याच्या टोकाकडे बघत राहिले. टोक काजळीने काळंकुट्ट झालं होतं. बोट लावलं, बोट काळं झालं.

पेट्रोल कमी पडणाऱ्या इंजिनाची काजळी होत नाही. होऊच शकत नाही. काटा सोळावर आणि सेन्सर काळा, या दोन गोष्टी एका गाडीच्या असणं शक्य नव्हतं, आणि त्या होत्या. पावफेरे उभ्या उभ्या विचार करत गेले आणि एकेक पायरी त्यांच्या पायाखालून सरकत गेली. सांधा फुटकाय. सांध्यातून बाहेरची हवा नळीत शिरतेय. सेन्सर बिचारा प्राणवायू मोजतोय, तो कुठून आला ते त्याला काय ठाऊक. गाडीचं पेट्रोल मुळात बरोबर होतं. मी पेट्रोल वाढवलं, परत वाढवलं. आता तो वायू निघतोय भरमसाट, चढाला जोर लागला की त्याच फुटक्या सांध्यातून बाहेर येणार. आणि त्या सांध्याच्या वर, वीतभर अंतरावर, हीटरची हवा आत ओढणारी जाळी. काचा बंद.

"काय झालं?" टॅक्सीवाल्याने विचारलं.

"गाडी काढ," पावफेरे म्हणाले.

बायको तशीच पायात चपला अडकवून मागे येऊन बसली. काय झालंय ते तिला त्यांनी अर्धंच सांगितलं. पोरं गाडीत आहेत, गाडीत धूर शिरतोय. ती पदराचं टोक मुठीत धरून बसली. मुलीचा फोन बंद लागत होता, ठकीने गाणी बघून त्यातली बॅटरी संपवली असणार. जावयाचा वाजत होता, पूर्ण वाजून तुटत होता, परत वाजत होता. तो उचलत नव्हता. शपथ पाळत होता.

पावफेऱ्यांनी महामार्गाच्या मदतीच्या नंबरला फोन लावला. तिथली बाई शांतपणे गाडीचा नंबर, रंग, दिशा विचारत होती. घाटातली रुग्णवाहिका पाठवते म्हणाली. किती वेळ? चाळीस मिनिटं तरी. पावफेऱ्यांनी घड्याळ बघितलं. पाऊण तासापूर्वी गाडी घाटाला लागली असणार. बंद काचा, हीटर, चढ. ते मनात आकडे मांडत होते आणि पुसत होते. उत्तर काढायचं धैर्य होत नव्हतं.

"अरे, जरा दाब की," ते टॅक्सीवाल्याला म्हणाले.

"दाबलंय काका. याच्यावर जाईल तर उडेल."

अकराव्या की बाराव्या वेळी फोन उचलला गेला. मुलीचा आवाज. "काय बाबा, किती फोन! हे चालवतायत म्हणून उचलत नव्हते, शेवटी मीच घेतला."

"गाडी थांबव. आत्ता. काचा उघडा, ठकीला बाहेर काढ."

पलीकडे मुलगी हसली. थकलेलं, लांबलेलं हसू. "अहो, ऐकलंत का," ती नवऱ्याला म्हणाली, "बाबांना वास आला."

"ठकी काय करतेय?"

"झोपलीय. मघाशी मळमळतंय म्हणाली, आता गाढ झोपलीय. वळणंच किती आहेत! माझंही डोकं ठणकतंय. बाबा, इथे मधेच कशी थांबवू? वर जाऊन चहा घेतो, तेव्हा बघू."

"वर नाही. इथे. आत्ता!"

"बाबा, प्लीज." तिच्या आवाजात तीच शाळेतली, बसमधून उतरवलेली मुलगी होती. "आयुष्यभर हेच केलंत. दर वेळी तुम्हाला वास येतो आणि दर वेळी काही नसतं."

पावफेऱ्यांनी डोळे मिटले. मागे बायको ऐकत होती, शेजारी टॅक्सीवाला ऐकत होता, आणि तो संध्याकाळपर्यंत गल्लीला सांगणार होता.

"मला वास आलेला नाही," ते म्हणाले. "मला वास येतच नाही. दोन वर्षं झाली. नाक गेलंय माझं, मी कुणाला सांगितलं नाही. गाडी मी बिघडवली, बाळा. काल मी चूक केली आणि मला वास आला नाही म्हणून ती कळली नाही. तुमच्या गाडीत विष शिरतंय. ठकी झोपलेली नाहीये. उठव तिला."

मग मुलगी ओरडली, पण फोनवर नाही, बाजूला. ब्रेक करकचून लागल्याचं ऐकू आलं. दार उघडलं असावं, कारण एकदम वाऱ्याचा घोंघाट झाला. त्या वाऱ्यातून मुलीचा आवाज येत होता, लांबून. "ठके. ए ठके. ठके, ऊठ ना गं." चार वेळा, पाच वेळा. दुसरा आवाज येत नव्हता. पावफेरे फोन कानात रुतेल इतका दाबून ऐकत होते. आणि मग फोन तुटला. पुन्हा लावला तर रेंज नाही.

त्यानंतरचा पाऊण तास पावफेऱ्यांनी कसा काढला ते कुणाला सांगता येणार नाही. घाट सुरू झाला, वळणं आली, गेली. प्रत्येक वळणावर त्यांना वाटे, पुढच्या वळणाला गाडी दिसेल. आणि लगेच वाटे, नको, इतक्यात नको. त्यांनी हात मांड्यांखाली दाबून धरले. बायको एकदाच बोलली. "दूध करपलं होतं, तेव्हापासून?" ती म्हणाली. त्यांनी मान हलवली. त्यांना वाटलं, तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग गाडी दिसली. रस्त्याच्या कडेला, चारही दारं सताड उघडी. पुढे रुग्णवाहिका. जावई कठड्यावर डोकं धरून बसला होता, शर्टावर उलटी सांडलेली. पावफेरे टॅक्सी थांबायच्या आत उतरले आणि पडले, उठले, तसेच धावले.

ठकी रुग्णवाहिकेत आईच्या मांडीवर होती. तोंडावर प्राणवायूचा मास्क, चेहऱ्याला फार मोठा. डोळे उघडे होते. आजोबा दिसल्यावर तिने मास्क बाजूला सारला आणि चिडक्या आवाजात म्हणाली, "आजोबा, थंडी वाजतेय."

"वाजू दे," पावफेरे म्हणाले. "वाजू दे गं माझे राणी." आणि तिथेच पायरीवर बसून ते पोराटोरांसारखे मोठ्याने रडले.

रुग्णवाहिकेतला माणूस म्हणाला, पोरगी वाचली. इस्पितळात नेऊ, आजची रात्र ठेवतील, आणखी वीस मिनिटं गाडीत राहती तर मला काही सांगता आलं नसतं. बायको आत चढून नातीचे पाय चोळत बसली. जावई सासऱ्याकडे बघत नव्हता. मुलगीही बघत नव्हती. पावफेऱ्यांनी ते मुकाट्याने घेतलं. त्यांना क्षमा हवी होती असंही नाही, त्यांना फक्त तिथे बसायचं होतं.

इस्पितळाकडे जाताना ठकीला झोप लागली. खरी झोप, डॉक्टरांनी फोनवर परवानगी दिलेली. श्वास मोजणाऱ्या मशीनवरचा आकडा चांगला होता, रुग्णवाहिकेतल्या माणसाने दोनदा सांगितलं. तरी मुलगी खाली वाकली आणि तिने दोन बोटं ठकीच्या नाकाखाली धरली. श्वास लागला तशी बोटं काढली. मिनिटभराने परत धरली. परत काढली. परत.

पावफेरे समोरच्या बाकावरून बघत होते. ही मुलगी तान्ही असताना रात्री उठून ते हेच करायचे, अगदी अशीच दोन बोटं, आणि मोठेपणी तिला ते कळलं तेव्हा ती पोट धरधरून हसली होती. त्या मुलीला त्यांनी शिकवलं, लग्न करून दिलं, जमेल ते सगळं दिलं. हे तेवढं द्यायचं नव्हतं.

"अगं, मशीन आहे ना," ते हळूच म्हणाले.

"असू दे," ती म्हणाली, आणि बोटं तशीच धरून राहिली.